महागड्या घड्याळाची झिलई : किती वेळा आणि किती खोल

पॉलिश केल्यावर घड्याळावरचा चरा भरून येत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा धातू चऱ्याच्या तळापर्यंत घासून खाली आणला जातो आणि मग चरा दिसेनासा होतो. महागडे मनगटी घड्याळ किती वर्षांनी पॉलिश करावे, या प्रश्नाला मिळणारी निरनिराळी उत्तरे शेवटी या एका गोष्टीशी येऊन थांबतात. घड्याळाच्या कवचात, म्हणजे बाजारात ज्याला केस किंवा बॉडी म्हणतात त्यात, धातू ठरावीक असतो. प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातला थोडा जातो आणि गेलेला परत येत नाही. त्यामुळे किती वर्षांनी पॉलिश करावे, यापेक्षा आयुष्यभरात किती वेळा करता येईल आणि त्यातले आत्ता एक खर्च करावे का, हे ठरवणे अधिक उपयोगाचे आहे.

सुरत शहराला हा हिशेब नवा नाही. जगातले बहुतेक हिरे, नगांच्या मोजणीने पाहिले तर, वराछा, कतारगाम, महिधरपुरा या भागांशी जोडलेल्या कारखान्यांत पैलू पाडून तयार होतात. कच्च्या खड्यातले निम्म्याहून अधिक वजन पैलू पाडताना जाणे ही तिथली रोजची बाब आहे. घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या यंत्रावर, बसणारा रत्नकलाकार प्रत्येक टप्प्याला वजन पाहतो, कारण चमक वाढते तसे वजन घटते. सोन्याच्या धंद्यातही डाग पॉलिशला देण्याआधी आणि घेताना काट्यावर ठेवतात आणि घट पाहतात. घड्याळाच्या बाबतीत मात्र तेच शहर बेफिकीर असते. दिवाळीच्या साफसफाईत किंवा लग्नसराईच्या तोंडावर बांगड्या-साखळ्यांबरोबर घड्याळही बफावर, म्हणजे झिलईच्या फिरत्या चाकावर, लावून आणले जाते आणि त्याची घट कोणी विचारत नाही.

चरे का पडतात

बहुतेक महागडी घड्याळे ३१६एल जातीच्या पोलादाची असतात. रोलेक्स ९०४एल हे पोलाद वापरते. त्यात क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम यांचे प्रमाण अधिक असल्याने ते गंजाला जास्त दाद देत नाही. पण गंज न धरणे आणि चरा न पडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही पोलादे कठिणतेच्या विकर्स मापावर साधारण १५० ते २०० च्या आसपास, म्हणजे तशी मऊच. अठरा कॅरेट सोने त्याच पातळीचे किंवा त्याहून मऊ असते.

हवेतल्या धुळीत बारीक वाळू असते आणि वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. मोह्सच्या कठिणतेच्या मापावर क्वार्ट्झ ७ वर येते, पोलाद त्याच्या खाली आणि सोने तर ३ च्या आसपास. टेबलावर मनगट टेकवले, बाहीखालून घड्याळ सरकले, स्कूटरच्या हँडलला घासले की मधे अडकलेला धुळीचा कण चरा काढतो. म्हणून नव्या घड्याळावर पहिल्या महिन्याभरात उठणारे बारीक चरे हा वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा नसतो. पहिला चरा दिसताच घड्याळ पॉलिशला नेणे हा त्यावर सर्वांत महाग पडणारा उपाय आहे, कारण पुढच्या महिन्यात तितकेच चरे पुन्हा येतात आणि गेलेला धातू तेवढा जातो.

चऱ्यांचे तीन प्रकार वेगळे धरावे लागतात. पहिला, उजेडात तिरपे धरल्यावरच दिसणारे केसासारखे बारीक चरे. दुसरा, नखाला लागणारे खोल ओरखडे. तिसरा, घड्याळ पडून किंवा आपटून आलेला पोचा. पहिल्यासाठी लागणारे काम अगदी वरवरचे असते, दुसऱ्यासाठी धातू बऱ्यापैकी काढावा लागतो आणि तिसरा निव्वळ पॉलिशने काढू पाहिला तर घड्याळाचा आकारच बिघडतो. नखाला लागते की नाही, ही घरच्या घरी करता येणारी सोपी चाचणी आहे.

पॉलिशमध्ये नेमके काय केले जाते

नीट केलेल्या पॉलिशची सुरुवात घड्याळ उघडण्यापासून होते. पट्टा काढतात, मागचे झाकण उघडतात, चावी आणि तिचा दांडा काढून मशीन बाहेर घेतात, जमेल तिथे काच आणि बेझल, म्हणजे काचेभोवतीचे कडे, वेगळे करतात. रबरी गॅस्केट काढून टाकतात. उरलेली मोकळी केस अल्ट्रासॉनिक टबात धुतात, कारण सांध्यांत साचलेली माती आणि घामाचा मळ बफावर आला तर नवे चरे उठतात.

त्यानंतर पृष्ठभागाच्या जातीप्रमाणे काम वेगळे होते. आरशासारख्या भागावर फेल्ट किंवा सुती बफ आणि त्यावर पॉलिशची पेस्ट वापरतात: पोलादासाठी बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा हिरवी क्रोमियम ऑक्साइडची, सोन्यासाठी लाल रूज. सपाट भाग खऱ्या अर्थाने सपाट राहायचे असतील तर मऊ बफ चालत नाही, फिरत्या कठीण तबकडीवर ते दाबून धरावे लागतात. ग्रँड सेकोच्या घड्याळांवर दिसणारी, प्रतिबिंब जराही न वळवणारी सपाट झिलई अशाच तबकडीवर काढतात. या पद्धतीला जपानी कारखान्यात ‘झारात्सु’ म्हणतात. ब्रश केलेल्या, म्हणजे एकाच दिशेने बारीक रेघा असलेल्या भागासाठी शेजारचा चकचकीत भाग चिकटपट्टीने झाकून, योग्य दाण्याच्या पट्ट्याने एकाच दिशेत हात फिरवावा लागतो. रेघांची दिशा चुकली किंवा मधे हात थांबला की ते काम लगेच उघडे पडते.

शेवटी पुन्हा धुणे, नवी गॅस्केट बसवणे, मशीन परत घालणे आणि पाण्याची दाब चाचणी. ही चाचणी झाली नाही तर काम अर्धेच झाले असे समजावे. मशीन न काढता, पट्टा तसाच ठेवून बफावर धरलेल्या घड्याळात पेस्ट आणि धातूची पूड चावीच्या फटीतून आत जाऊ शकते. बफाची उष्णता गॅस्केटला लागते. दागिन्यांसाठी ठेवलेल्या मोटरवर पाच-दहा मिनिटांत ‘चमकवून’ मिळणारे घड्याळ बहुधा असे तयार झालेले असते.

काय जाते

नुकसान चमकीत नसते, आकारात असते. कारखान्यातून निघालेल्या चांगल्या घड्याळाची ओळख त्याच्या कडांवरून पटते: वरचा ब्रश केलेला भाग जिथे संपतो, तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास रुंदीची तिरपी चकचकीत पट्टी असते आणि मग बाजूचा भाग सुरू होतो. १९७२ साली आलेल्या, जेराल्ड जेंटाने आखलेल्या ओडेमार पिगेच्या रॉयल ओकचे सौंदर्य अशा कडांवरच उभे आहे. अष्टकोनी बेझल, तिच्यावरचे आठ षटकोनी स्क्रू आणि ब्रश केलेल्या व चकचकीत भागांमधली चाकूसारखी सीमा. ही सीमा गोल झाली की घड्याळ तेच राहते, पण आखणारा त्यातून निघून जातो.

हे भूमितीने नेमके सांगता येते. ४५ अंशांत तासलेली ०.६ मिलिमीटर रुंदीची तिरपी पट्टी घ्या. वरच्या भागातून ०.१ मिलिमीटर आणि बाजूच्या भागातून ०.१ मिलिमीटर धातू गेला, तर पट्टीची रुंदी सुमारे ०.२८ मिलिमीटरने कमी होते, म्हणजे ती जवळपास निम्मी उरते. ०.१ मिलिमीटर ही घट केसच्या जाडीत कोणाला जाणवणार नाही, पण कडेवर ती साध्या डोळ्यांना दिसते. म्हणूनच दोन-तीन वेळा निष्काळजीपणे घासलेले घड्याळ ‘बोथट’ वाटते.

पट्टा जिथे बसतो ते चार कान सर्वांत आधी बळी पडतात. ते बारीक होतात, डाव्या-उजव्या बाजूंचे माप जुळेनासे होते, आणि ज्या घड्याळांत कानांना आरपार भोके असतात तिथे भोक कडेच्या जवळ आल्यासारखे दिसते. पाणबुड्यांच्या घड्याळांत चावीच्या दोन्ही बाजूंना असलेले संरक्षक उंचवटे टोकाला झिजतात. ओमेगाच्या स्पीडमास्टरच्या कानांना असलेला पीळ गोलसर होतो. कोरलेले आकडे आणि ठसे उथळ होतात. स्विस सोन्याच्या घड्याळांवर १९९५ पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा अधिकृत ठसा असतो. त्याआधी अठरा कॅरेटसाठी हेल्व्हेशिया या स्त्रीचे डोके असे. कानाच्या खाली किंवा बाजूला असलेला हा ठसा पुसट झाला असेल, तर त्या घड्याळाच्या वाट्याला किती पॉलिश आले याचा तोच पुरावा असतो.

आकाराखेरीज पाणीरोधकतेचाही प्रश्न आहे. मागचे झाकण, बेझल आणि काच जिथे टेकतात त्या जागा मोजून घडवलेल्या असतात. तिथे बफ पोहोचला तर गॅस्केटवर पुरेसा दाब येत नाही आणि कागदावर १०० मीटर लिहिलेले घड्याळ पावसातही भरवशाचे राहत नाही.

मतांचे चार गट

पहिले मत कंपन्यांचे. त्यांच्या सेवा केंद्रांत मशीनचे पूर्ण काम आणि केसला पुन्हा मूळ झिलई देणे हे बहुधा एकत्र होते. सर्व्हिसिंगच्या शिफारशी मात्र वेगवेगळ्या आहेत. रोलेक्स सुमारे १० वर्षांचे अंतर सांगते, ओमेगा ५ ते ८ वर्षांचे, ग्रँड सेको ३ ते ४ वर्षांचे. हे अंतर तेल, गॅस्केट आणि झीज यांच्यासाठी आहे. दर सर्व्हिसिंगला पॉलिश असा नियम धरला, तर ३० वर्षांत पहिले घड्याळ ३ वेळा आणि तिसरे ७ पेक्षा जास्त वेळा बफाखाली जाईल. धातू दोघांचाही तेवढाच असतो. मशीनला दर काही वर्षांनी काम लागते म्हणून केसलाही लागते, हे गृहीतच चुकीचे आहे. दोन्ही गोष्टी एका बिलावर येतात, इतकाच त्यांचा संबंध. ‘पॉलिश करू नये’ अशी सूचना ग्राहक देऊ शकतो.

दुसरे मत अनुभवी घड्याळजींचे. ते सहसा संख्येत बोलतात: चांगल्या हातून, हलके काम असेल तर पोलादी केस आयुष्यात तीन-चार पॉलिश पेलते. त्यांचा भर पॉलिश कधी करावे यापेक्षा ते कोणी करावे यावर असतो. हलक्या हाताने केलेली चार कामे एका जड हाताच्या कामापेक्षा कमी नुकसान करतात.

तिसरे मत संग्राहकांचे आणि लिलावघरांचे: शक्यतो कधीच नको. जुन्या घड्याळांच्या बाजारात मूळ कडा शाबूत असलेले, चऱ्यांसकट राहिलेले नग चकचकीत नगांपेक्षा महाग जातात. २०१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये फिलिप्सच्या लिलावात अभिनेता पॉल न्यूमन याची रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. तिच्या मागच्या झाकणावर त्याच्या पत्नीने कोरून घेतलेला संदेश होता. असे घड्याळ बफावर धरण्याचा विचारही कोणी केला नसता. वापराच्या खुणा हा तिथे दोष नव्हता, तो इतिहासाचा भाग होता. मात्र ‘अनपॉलिश्ड’ हा शिक्का कोणत्याही मानकावर आधारलेला नाही. ते पाहणाऱ्याचे मत असते आणि त्याची किंमत पाहणाऱ्याच्या अनुभवाएवढीच.

चौथे मत लिहिले जात नाही, पाळले जाते: दागिन्यांच्या दुकानातली रीत. सोन्याच्या साखळीला पॉलिश मोफत मिळते, तसे घड्याळालाही मिळते. साखळीवर तिरप्या पट्ट्या, ब्रश केलेल्या रेघा, गॅस्केट यांतले काही नसते. म्हणून तिच्यासाठी ठीक असलेली रीत घड्याळाला लागू पडत नाही. पूर्ण ब्रश केलेले घड्याळ आरशासारखे करून परत मिळाल्यावर घेणारा खूश होतो आणि विकायला गेल्यावर भाव ऐकून चकित होतो.

या चारही मतांत विरोध वाटतो तेवढा नाही. कंपनी घड्याळ वापरण्याजोगे आणि नव्यासारखे दिसावे म्हणून बोलते, संग्राहक ते जसेच्या तसे टिकावे म्हणून बोलतो. आधी मालकाने आपले घड्याळ यांतल्या कोणत्या कामासाठी आहे, ते ठरवावे लागते.

धातू बदलला की नियम बदलतो

पोलाद सगळ्यांत सोयीचे, कारण त्यावर दोन्ही प्रकारची झिलई नीट घेता येते. सोने मऊ असल्याने त्यातून धातू लवकर जातो. अठरा कॅरेटच्या केसवर पोलादापेक्षा कमी वेळा आणि हलके काम करावे. पोलाद आणि सोने एकत्र असलेल्या घड्याळात एकच बफ दोन्हींवर फिरवला तर सोने आधी झिजते आणि सांध्यावर पायरी पडते. पांढऱ्या सोन्याच्या अनेक घड्याळांवर ऱ्होडियमचा मुलामा असतो. पॉलिशने तो जातो आणि पुन्हा चढवावा लागतो. प्लॅटिनममध्ये चरा पडताना धातू बराचसा बाजूला सरकतो, तिथेच राहतो. त्यामुळे जाणता कारागीर तो दाबून बसवू शकतो आणि घट कमी होते.

टायटॅनियमवर काम अवघड असते, कारण धातू बफाला चिकटतो आणि त्याची पूड पेट घेऊ शकते. ते काम नेहमीच्या मोटरवर देऊ नये. झिर्कोनियाच्या सिरॅमिकला सहसा चरे पडत नाहीत, पडले तर नेहमीच्या साधनांनी जात नाहीत. ते भाग बदलतात. पीव्हीडी किंवा डीएलसी लेप काही मायक्रॉनचा असतो. त्यावर पॉलिश म्हणजे लेप खरवडणे. सिटिझनचे ड्युराटेक्ट किंवा जर्मन झिनचे टेगिमेंट यांसारख्या कठीण केलेल्या पृष्ठभागांचेही तसेच. ज्या थराने चरे अडवायचे, तोच थर पॉलिशने जातो. कांस्याच्या घड्याळावर येणारा तपकिरी-हिरवट रंग अनेकांना हवा असतो. तिथे पॉलिश ही केवळ आवडीची बाब राहते.

घरोघरी कपाटात असलेली सोन्याचा मुलामा दिलेली जुनी फाव्र-ल्यूबा किंवा एचएमटी घड्याळे हा वेगळा वर्ग आहे. स्विस केसवर कधी कधी १०, २० किंवा ४० मायक्रॉन असा आकडा छापलेला असतो. २० मायक्रॉन म्हणजे ०.०२ मिलिमीटर. एखादा नखाला लागणारा ओरखडा काढायला इतका धातू सहज जातो. कानांच्या टोकांवर पितळ दिसू लागले असेल तर ते थांबवायला पॉलिश उपयोगी नाही, त्याने ते वाढते. अशा घड्याळाला पॉलिशची योग्य संख्या शून्य आहे.

काचेचे गणितही वेगळे. जुन्या एचएमटी जनताच्या किंवा स्पीडमास्टरच्या एका प्रकाराच्या अॅक्रिलिक काचेवरचे चरे बारीक पेस्टने घरी जातात आणि ती काच स्वस्तात बदलताही येते. नीलमणी काच मोह्स मापावर ९ असते. तिला नेहमीच्या पेस्टने काही होत नाही आणि हिऱ्याच्या पेस्टने घासली तर वरचा परावर्तनरोधी लेप जातो. तिला चरा पडलाच तर बदलणे बरे.

सुरतेत घड्याळाला काय सोसावे लागते

वर्षभर घाम, जून ते सप्टेंबर दमट हवा, डुमस-हजिराकडून येणारा खारा वारा. या तिन्हींत क्लोराइड असते किंवा ओलावा असतो, आणि क्लोराइड हा स्टेनलेस पोलादाचा जुना शत्रू. गॅस्केटखाली, झाकणाच्या काठावर, धातूच्या पट्टीच्या सांध्यांत घाम साचून राहिला की तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. हे खड्डे वरून दिसत नाहीत आणि पॉलिशने ते नाहीसे होत नाहीत. खोल असतील तर लेझरने धातू भरून त्यावर काम करावे लागते. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या शहरात वारंवार लागणारी गोष्ट पॉलिश नव्हे, धुणे आहे. घड्याळ पाणीरोधक आहे आणि चावी घट्ट बसली आहे याची खात्री करून, कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ दातांचा ब्रश यांनी आठवड्या-पंधरवड्याला पट्टी व मागची बाजू साफ करावी. नंतर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावी. चामड्याचा पट्टा आधी काढावा. पॉलिशला आलेली बरीच घड्याळे केवळ मळाने निस्तेज झालेली असतात, आणि धुतल्यावर त्यांचा अर्धा प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट खास या शहराची. नीलमणी काचेला कठीणपणात मागे टाकणारा नेहमीच्या व्यवहारातला पदार्थ म्हणजे हिरा. घंटीवर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड असते आणि ती कपड्यांना, बोटांना, टेबलाला लागते. कारखान्यात किंवा हिऱ्याच्या दलालीच्या गादीवर घातलेल्या घड्याळाच्या काचेवर उठलेला चरा हा बऱ्याचदा त्या पुडीचा असतो. हिऱ्याची अंगठी त्याच हाताला घातली असेल तर ती पट्टीच्या लॉकवर आणि काचेवर दोन्हीकडे घासते. घड्याळ आणि अंगठी वेगवेगळ्या हातांत घातल्याने जितके पॉलिश वाचते, तितके कोणत्याही पेस्टने वाचत नाही.

तिसरी गोष्ट बाहेरून हिरे जडवलेली घड्याळे. मूळ पोलादी केसला भोके पाडून खडे बसवतात, तेव्हा तिथला धातू आधीच कमी झालेला असतो आणि खड्यांना धरणारे दाणे बारीक असतात. त्यावर बफ फिरला की दाणे झिजतात आणि खडे निखळतात. अशा भागावर पॉलिश टाळावे. घड्याळ धुवावे, सैल खडे जडणाऱ्या कारागिराकडून घट्ट करून घ्यावेत.

मग किती वेळा

वापरात असलेल्या पोलादी घड्याळासाठी सर्वसाधारण धोरण असे सांगता येते. पहिली पाच वर्षे केसला पॉलिश नाही. रोलेक्सची हमी पाच वर्षांची असते. त्या काळात बाहेरच्या हातून घड्याळ उघडून घेतल्यास हमीवर पाणी सोडावे लागू शकते. त्यानंतरचे पहिले सर्व्हिसिंग पॉलिशविना करून घ्यावे. दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या वेळी, म्हणजे साधारण १० ते १५ वर्षांनी, चरे नखाला लागत असतील किंवा पोचा आला असेल, तर एक हलके काम करावे. या चालीने तीन-चार पॉलिश एका माणसाच्या आयुष्याला पुरून पुढच्या पिढीसाठी धातू शिल्लक राहतो.

पट्टीसाठी नियम सैल ठेवता येतो. टेबलावर घासणारे लॉक सगळ्यांत आधी खराब दिसते, आणि ते बदलता येते. चार-पाच वर्षांनी फक्त लॉकवरच्या रेघा नव्याने काढून घेतल्या तर घड्याळ पुन्हा नीटनेटके दिसते आणि केसला हात लावावा लागत नाही. ‘पॉलिश करून द्या’ म्हणणाऱ्या अनेकांना खरे तर एवढेच हवे असते.

सोन्याच्या घड्याळाला पोलादापेक्षा निम्म्या वेळा. मुलामा, लेप, बाहेरून जडवलेले हिरे: कधीच नाही. जुने, दुर्मीळ किंवा पुढे विकायचे घड्याळ: विकण्याआधी पॉलिश नको. चरे पाहून घेणारा थोडा भाव पाडतो, पण गोल झालेल्या कडा पाहून बराच पाडतो. वडिलांकडून किंवा आजोबांकडून आलेले घड्याळ वापरायला काढताना मशीनचे पूर्ण काम करावे आणि केस फक्त धुवावी. ती कशी दिसते हे वर्षभर वापरून मग ठरवता येते. लग्नासाठी चमक हवी असेल तर पॉलिशचे कापड चकचकीत भागावर चार वेळा फिरवणे पुरते. पण त्या कापडातही बारीक घासणारे द्रव्य असते, आणि ब्रश केलेल्या भागावर ते फिरवले तर रेघा पुसून डाग पडल्यासारखे दिसते.

एका गोष्टीला मात्र वाट पाहू नये. कडा इतकी दुमडली असेल की कपडा किंवा कातडी अडकते, किंवा पोच्यामुळे बेझल फिरत नाही, तर ते दुरुस्तीचे काम आहे आणि ते लगेच करावे. खोल पोच्यासाठी आजूबाजूचा सगळा भाग खाली आणण्याऐवजी तेवढ्याच जागी लेझरने धातू भरणारा कारागीर शोधावा.

काम देताना

घड्याळ देण्याआधी समोरून, मागून, चारही कानांचे आणि दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात काढावेत. कानांची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहावी. हे पैलू पाडणाऱ्यांच्या गावात अशक्य नाही. काम कुठे होणार, दुकानातच की घड्याळ मुंबईला जाणार, हे विचारावे. सुरतेहून मुंबई सेंट्रल रेल्वेने २६३ किलोमीटरवर आहे आणि विम्याशिवाय तेवढा प्रवास महागड्या घड्याळाने करू नये. मशीन बाहेर काढणार का, गॅस्केट नवी घालणार का, दाब चाचणीचा आकडा लिहून देणार का, ब्रश आणि चकचकीत भाग वेगळे ठेवणार का, या प्रश्नांची उत्तरे पावतीवर घ्यावीत. पॉलिश नको असेल तर तेही तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्यावे. सर्व्हिसिंगच्या नेहमीच्या क्रमात पॉलिश असते आणि तोंडी निरोप काउंटरपासून कारागिराच्या टेबलापर्यंत पोहोचतोच असे नाही. बदललेले भाग परत मागावेत.

कारागिराची परीक्षा त्याने आधी केलेल्या कामावरून करावी. कडा सरळ आहे का, ब्रशच्या रेघा एका दिशेने शेवटपर्यंत जातात का, सपाट भागात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सरळ दिसते की लाटेसारखे वळते, हे पाहायला भिंगही लागत नाही.

जुने घड्याळ घेताना

हीच नजर खरेदीच्या वेळी उपयोगी पडते. चारही कान सारखे आहेत का, ठसे खोल आहेत का, चावीजवळचे उंचवटे टोकदार आहेत का, हे पाहून किती पॉलिश होऊन गेले याचा अंदाज येतो. पण अलीकडे झिजलेल्या केसवर लेझरने धातू भरून, तबकडीवर नव्याने कडा काढण्याचे काम इतके सफाईने होते की कडा तीक्ष्ण असणे हा एकच पुरावा पुरेसा राहिलेला नाही. कारखान्यातून निघाल्याचे जुने फोटो, त्याच मॉडेलच्या न घासलेल्या नगाची मापे आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या यांच्याशी ताडून पाहावे लागते. जुन्या एचएमटी आणि स्विस घड्याळांच्या बाजारात नव्याने रंगवलेली डायल आणि बफावर चकचकीत केलेली केस असे नग ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखले जातात. पन्नास वर्षांचे घड्याळ कानाच्या टोकापासून डायलपर्यंत एकसारखे लखलखत असेल, तर त्याच्या कमी किमतीमागचे कारण तेच असते.

ज्याच्याकडे अशा नोंदी आहेत, त्या मालकाला विकताना भाव मिळतो आणि घेणाऱ्याला शिल्लक किती आहे ते कळते. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगच्या पावतीवर तारीख, काय केले आणि पॉलिश झाले की नाही, एवढे तरी असावे, आणि ती पावती घड्याळाच्या पेटीत राहावी.